डावऱ्याचा डावा हात

नाव डावरा, पण डाव्या हातानं तो पाण्याचा गडूसुद्धा उचलत नव्हता. बिडी पेटवायचा उजव्यानं, सदऱ्याच्या गुंड्या लावायचा उजव्यानं, आणि डावा हात बंडीच्या आत पोटाशी धरून ठेवायचा, कोंबडीचं पिल्लू धरावं तसा. नव्या माणसाला वाटायचं, याचा हात लुळा आहे. मग कोणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगायचं, की बाबा, याच हातासाठी यवतमाळचं सारं मैदान भरतं.

हा डावरा माझा साळा. माझ्या बायकोचा, धरमीचा, थोरला भाऊ. धरमी या दिवाळीनंतर गेली. ती होती तोवर भावाच्या गोष्टी तीच सांगायची आणि मी नुसतं हूं हूं करायचो. आता घरात हूं म्हणायलाही काही कारण राहिलं नाही. म्हणून मीच लिहितो. आमचं शिक्षण चौथीपर्यंत, तेही धड नाही. आम्ही बंजारा. तांडा आर्णीच्या रस्त्याला. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, पण इथं सगळं मराठीतच लिहितो, बोलणं तेवढं वऱ्हाडीत, म्हणजे कोणालाही कळेल.

छप्पन साल असेल. मी यवतमाळच्या एका कापसाच्या जिनमध्ये प्रेसवर लागलो. रुईच्या गाठी बांधायचं काम. डावरा तिथं माझ्या आधीपासून होता, चालत्या मशीनला तेल घालायचा. त्याच हंगामात त्याच्या डाव्या हाताचं पहिलं बोट पट्ट्यात गेलं. परत आलं ते अर्धंच. जिनचा फिटर मुसलमान होता, उंच, सदा पान खाणारा. सगळे त्याला चाचा म्हणायचे. तोच जिनच्या क्रिकेटच्या टीमचा विकेटकीपर. जखम भरल्यावर डावऱ्याची बाकीची बोटं आखडायला लागली, तेव्हा चाचानं एक जुना बॉल आणून त्याच्या हातात दिला.

"एक उंगली गई तो गई. बाकी चार का मातम कायको करता? दबाता रह."

डावरा दिवसभर बॉल दाबत बसायचा. दाबून कंटाळला की चाचाकडे फेकायचा. एक दिवस चाचा म्हणाला, असा नको, हात वर नेऊन टाक, आमचे बॉलर टाकतात तसा. त्यानं टाकला. बॉल जमिनीला लागला आणि जिकडं वळायला पाहिजे त्याच्या उलट्या अंगाला वळून चाचाच्या घोट्यावर बसला. चाचा पाय धरून खाली बसला. आम्हाला वाटलं रडतो. तो हसत होता. "अरे, दिवाणजी को बुलाओ कोई!" दिवाणजी म्हणजे जिनचे कारभारी.

त्या दिवसापासून तो हात डावऱ्याचा राहिला नाही.

त्या काळी जिनवाल्या शेठ लोकांत क्रिकेटची भारी ईर्षा. दर साली उन्हाळा तापायच्या आधी बक्षिसाच्या ढालीच्या मॅची व्हायच्या आणि ज्याच्या बंगल्यात ढाल त्याची मान वर. शंकरपटाच्या, म्हणजे शर्यतीच्या बैलाला जपतात तसं आमच्या शेठनं डावऱ्याला जपायला सांगितलं. शेठ सांगून मोकळे, जपायचं दिवाणजींनी. दिवाणजींनी कायदा केला. डाव्या हातानं कुऱ्हाड धरायची नाही, विहिरीचा दोर ओढायचा नाही, बैलाचा कासरा धरायचा नाही, ओझं उचलायचं नाही. आणि डफ तर शिवायचाच नाही. मशीनवरचं काम सुटलं. गेटजवळ एक स्टूल दिलं, त्यावर बसायचं. रोज त्या हाताला तिळाचं तेल. थंडीत सरकी काढलेल्या कापसाची एक थैली शिवून दिली, त्यात हात घालून ठेवायचा. आमचे हात गाठीच्या लोखंडी पट्ट्यांनी फाटायचे, त्यांच्याकडं कुत्रंही बघत नव्हतं.

डावऱ्यानं त्या हाताचं नाव ठेवलं शेठ.

"जवाई, जरा माशी हाकला. शेठवर बसली."

"तुमचा हात, तुमीच हाकला ना."

"माया कुठचा? मी तं याचा नोकर हाये. याले तेल लावतो, याले झोपवतो. पगार याचा, मी फुकटचा खाऊन राह्यलो."

एकदा दिवाणजी मागं उभे, आणि हा आपला मोठ्यानं, "आज शेठले लई खाज सुटली बा!" दिवाणजींनी विचारलं, कोणाला? आम्ही सारे गाठींच्या मागं जाऊन तोंडात फडकं कोंबून हसलो. डावरा शांतपणे म्हणाला, "मायाच हाताले, साहेब. तुमचीच कृपा."

हसायला तो असा. पण पावसाळा लागला की त्याचं हसू बंद व्हायचं. हंगाम संपला की जिन मेल्यासारखं पडायचं. मशीनी थंड, आवारात कमरेएवढं गवत, पत्र्यावर पाऊस. आम्ही सारे पेरणीला तांड्यावर. हा मात्र तिथंच, कोपऱ्यातल्या खोलीत, एक चौकीदार आणि तो. घरी पाठवला तर वखर धरेल, हात खराब करून येईल, म्हणून दिवाणजी त्याला पाठवतच नव्हते. पोळ्याला मी भाकरी घेऊन गेलो की तो गेटच्या सळयांशी उभा असायचा. पहिलं विचारायचा, "जमीन भिजली का?" मी सांगायचो, भिजली. "तूर कुठवर आली?" मी हातानं दाखवायचो. तो सळयांच्या आतून माझ्या हाताकडं बघत राहायचा, जणू तिथंच तूर उगवली आहे.

मी आहे तोंडाचा फटकळ. एकदा हंगामात विचारलं, "निघून काहून जात नाही? तुमाले साखळदंड तं नाई घातले."

त्यानं मानेनं आवारात दाखवलं. आमच्या तांड्याच्या बाया कापूस निवडत होत्या, माणसं कापसाचे बोरे ओढत होती. "ते पाहा," म्हणाला. "ते साखळदंडच हायेत."

खरं होतं. हंगाम लागला की जिनचा मुकादम सरळ आमच्या तांड्यावर यायचा आणि धडधाकट दिसेल त्याला घेऊन जायचा. दुसऱ्या तांड्यांची माणसं कामासाठी मुलूख धुंडायची, आम्हाला काम दारात. कशामुळं? डावऱ्यामुळं. आमचा नायक, म्हणजे तांड्याचा पुढारी, चावडीवर नेहमी म्हणायचा, "डावरा जिनमंदी, तं तांडा जिनमंदी." माझी प्रेसवरची जागाही त्याच हातानं टिकलेली. डावरा निघाला की सगळेच निघणार, हे दिवाणजी बोलून दाखवत नव्हते. बोलायची गरज नव्हती.

आता त्याच्या बॉलिंगचं सांगतो. तो पळत येत नसे. चार पावलं चालायचा, विहिरीवर जातो तसा. मग बंडीतून हात बाहेर काढायचा. तो हात निघाला की सारं मैदान गप्प. "चला शेठ," असं पुटपुटायचा आणि टाकायचा. बॉल हवेत आळसानं यायचा, समोरच्याला वाटायचं, हा तर पोरानं टाकला, आणि जमिनीला लागला की त्याच्या अंगात यायचं. एकदा नागपूरचा कोणी शिकलेला बॅट्समन आला. पांढरी पँट, टोपी, केस चपचपीत. बॉल बाहेर चालला म्हणून त्यानं ऐटीत बॅट वर धरली आणि बॉलनं आत येऊन मागची दांडी पाडली. तो वाकून जमीन तपासायला लागला, खडा बिडा आहे का. मागून चाचा म्हणाला, "कंकर नहीं है बाबूजी, उंगली नहीं है!"

जिंकल्यावर लोक डावऱ्याला खांद्यावर घेऊन वाजतगाजत जिनच्या गेटपर्यंत आणायचे. तिथं खाली उतरवायचे. गेटच्या आत तो पायी. गेट लागायचं, लोक बाहेर, तो आत. ढाल शेठच्या बंगल्यात जायची. ती जवळून कशी दिसते हे त्यानं मलाच एकदा विचारलं. मी तरी कुठं पाहिली होती!

धरमीला क्रिकेट कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. आमचं लग्न झालं तेव्हा तिचा भाऊ अक्षतांपुरता आला आणि जिनच्या माणसाबरोबर परत गेला. त्याचा राग तिनं धरला. कोणी तिच्यापुढं त्याच्या विकेटींचं कौतुक केलं की म्हणायची, "बैलाले तरी पोळ्याच्या दिवशी सोडतेत. माया भावाले कोण्या सणाले सोडतेत ते सांगा, मंग मी टाळ्या वाजवतो."

तिला तो बॉलर म्हणून आठवतच नव्हता. बोट जायच्या आधी डावरा तांड्याचा डफवाला होता. होळीच्या महिन्यात आमच्याकडं लेंगी म्हणतात, माणसं गोल धरून गातात, नाचतात, मध्ये डफ. आमचे म्हातारे सांगायचे, डावऱ्याची थाप पडली की झोपलेलं माणूस पायावर उभं राहतं. धरमी त्या डफावर लहानाची मोठी झाली होती.

आम्हाला पहिला मुलगा झाला. आमच्यात मुलाची पहिली होळी आली की धुंड करतात. धुळवडीच्या दिवशी लेकराला मांडीवर घेऊन बसतात, वर आडवी काठी धरतात, आणि गेर खेळणारी, म्हणजे काठ्या घेऊन नाचणारी माणसं तिच्यावर काठ्या आपटत त्याला आशीर्वादाचं गाणं म्हणतात. तेवढं झालं की लेकरू तांड्याचं झालं. धरमीनं मला निरोप दिला, "भावाले सांगा, मामाचा डफ वाजला नाही तं माया लेकराची धुंड मी करत नाही. राहू द्या तसंच."

आणि त्या साली ढालीची शेवटची मॅच नेमकी धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी.

मी गेटपाशी जाऊन त्याला सांगितलं. नेहमीसारखं म्हणाला, "शेठले विचारून पाहतो." पण हसला नाही. बंडीच्या आत हात नुसता हलत होता.

दिवाणजींना होळीची धास्ती होतीच. डफ वाजवायला हा पळणार हे त्यांनी ताडलं. होळीच्या दिवशी सूर्य बुडायच्या आधीच त्यांनी डावऱ्याला खोलीत घातलं, बाहेरून कुलूप लावलं, किल्ली कनवटीला. रागानं नाही हो, अगदी गोडीनं. आत जेवण दिलं, पुरणपोळीसुद्धा दिली. सकाळी येऊन कुलूप काढलं. "झाली ना होळी? आता मोकळा फीर. रंग खेळ थोडा, रंगानं काही हात मोडत नाही. संध्याकाळी प्रॅक्टिसला मात्र ये."

इथंच ते चुकले. गावची होळी संध्याकाळी पेटते. आमची पेटते पहाटे, आणि खरा सण सूर्य वर आल्यावर. धुंड तर धुळवडीच्या दिवसाची. दिवाणजींनी रिकामी रात्र राखली आणि भरला दिवस सोडून दिला.

हे चाचाला ठाऊक होतं. इतकी वर्षं आमच्या माणसांत काढलेला माणूस तो. दिवाणजी कुलूप काढत होते तेव्हा तो शेजारीच दात कोरत उभा होता. एक शब्द बोलला नाही. दिवाणजी वळल्यावर आपली सायकल भिंतीला टेकवली आणि डावऱ्याला म्हणाला, "ब्रेक नहीं है. उतार पे सम्हालना."

दुपार व्हायच्या आत डावरा तांड्यावर. एका हातानं हँडल धरून, धुळीनं पांढरा झालेला. पोरीबाळी ओरडत धावल्या. नायक मात्र उठून उभा राहिला. हातात नाचायची काठी तशीच.

"उद्या ढाल हाये आन् तू इथं?"

"भाच्याची धुंड हाये, नायकबाबा."

"धुंड आमी करतो. तू बस. डफाले हात लावू नको. साऱ्या तांड्याची भाकर हाये त्या हातात."

माणसं नायकाच्या मागं सरकली. मी सुद्धा सरकलो, मला माझी प्रेसवरची जागा दिसत होती. धरमी लेकरू काखेत घेऊन पुढं आली. "नायकबाबा, तुमाले ढालीची एवढी हौस तं उद्या तुमी टाका बॉल. कपडे मी धुवून देतो."

सारा तांडा हसला. नायकालाही ओठ दाबावे लागले. तेवढ्यात डावऱ्यानं बंडीतून हात काढला, डफ घेतला, उन्हात धरून तापवला. "चला शेठ," म्हणाला, "आज मजुरी करा."

पहिली थाप जरा कच्ची पडली. अर्ध्या बोटाचा त्याला अंदाज नव्हता. दुसरी बरी. मग मी मोजलं नाही. धरमीनं लेकराला मांडीवर घेतलं, वर काठ्या वाजायला लागल्या, लेकरू आधी भेदरलं, मग मामाकडं बघून गप्प झालं. सूर्य कलला तरी तो थांबला नाही. शेवटी नायकही लेंगी म्हणायला उठला, बसून तरी किती राहणार! डावऱ्याचा तळवा पपईसारखा सुजला होता. तो हात त्यानं धरमीच्या पुढं धरला आणि म्हणाला, "पाह्य धरमे, दुखून राह्यला. मालूम पडून राह्यलं, मायाच हाये."

दुसऱ्या दिवशी मॅचला चाचानं तो हात पाहिला आणि नुसती मान हलवली. बॉल सरळ जाऊ लागला. सरळ बॉल काय, कोणीही मारतो. लोकांनी आधी ओरडून पाहिलं, मग शिव्या दिल्या, मग उठून घरी गेले. ढाल दुसऱ्या जिनमध्ये गेली. दिवाणजींनी डावऱ्याच्या कानामागचा रंग पाहिला, हात पाहिला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. सकाळी गेटवर उभं राहून एवढंच म्हणाले, "आर्णी रस्त्याच्या तांड्याची सगळी माणसं बाहेर."

आम्ही गाठोडी डोक्यावर घेऊन निघालो. सगळ्यांच्या पुढं डावरा. सगळ्यांत ताठ तोच चालत होता, तेच लोकांना खपलं नाही.

तो पावसाळा तो तांड्यावर आमच्या घरी राहिला. वखर धरला, तूर पेरली, हाताला घट्टे आले. पण चावडीवर गेला की माणसं बोलता बोलता थांबायची. विहिरीवर बाया त्याला ऐकू जाईल असं बोलायच्या. हंगाम लागला. मुकादमाची दमणी, ती हलकी बैलगाडी, आमच्या तांड्यावरून पुढच्या तांड्याला गेली, थांबलीच नाही. त्या दिवशी चावडीवर कोणी दिवा लावला नाही.

नायक आमच्या दारात आला. "डावऱ्या, हात बरा झाला ना? दिवाणजी घेतेत म्हणे परत. तुले जायाचं नसन तं नको जाऊ. पण मंग लोकायले तूच सांग."

धरमी चुलीपुढून उठली. "नाई जाणार तो! तुमचे हातपाय शाबूत हायेत, तुमी शोधा काम."

डावरा तिला म्हणाला, "धरमे, मी गेलो तं एकटा अडकतो. नाई गेलो तं सारे अडकतेत. हिसाब सोपा हाये." आणि कोपऱ्यातली बंडी घेऊन घातली.

तांडा त्याच्यामागं जिनमध्ये परत गेला. मी नाही गेलो. धरमी म्हणाली, त्या गेटातला घास मले नको. मी सडकेच्या कामावर गिट्टी फोडायला लागलो आणि ते काम पुढं जन्मभर पुरलं.

नंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. महाराष्ट्र झाला, शाळांतून पेढे वाटले, जिनच्या गेटला काही फरक पडला नाही. पुढच्या होळ्यांना दिवाणजी धुळवडीचंही कुलूप लावायला शिकले. डावरा टाकत राहिला. ढाल परत आली, एकदा गेली, पुन्हा आली. मग त्याचा खांदा गेला. हात कानाच्या वर जाईना. नवा एक पोरगा बॉलर आला. दिवाणजींनी डावऱ्याला बोलावून सांगितलं, आता तू मोकळा. तोवर आमची माणसं जिनमध्ये रुळली होती, मशीनींना त्यांची सवय झाली होती. डावरा गेल्यानं कोणाचं काही अडलं नाही. एका सकाळी पत्र्याची पेटी घेऊन तो आमच्या दारात आला.

आम्हाला वाटलं, सुटला. पण रोज सकाळी तो उठून दारात उभा राहायचा आणि धरमीला विचारायचा, "नाल्यावर जाऊ का?" शेतात जायचं, जाऊ का. आर्णीच्या बाजाराला, जाऊ का. यवतमाळला चाचा आजारी होता, त्याला भेटायला, जाऊ का. धरमी चिडायची. "कोणाले विचारतं? दार उघडं हाये ना!" तो दाराकडं बघायचा. दार उघडंच असायचं. तरी ती "जा" म्हणेपर्यंत त्याचं पाऊल उचलायचं नाही. एकदा ती हट्टानं बोललीच नाही, तर उन्हं चढेपर्यंत तो उंबऱ्यावर उभा राहिला. मग तीच रडत म्हणाली, "जा रे बाप्पा, जा."

असं बरंच चाललं. मग एका सकाळी उठलो तर तो घरात नाही. अंथरुणाची घडी घातलेली. नाल्यावर नाही, शेतात नाही. माणसं चारी दिशांना गेली. मी विहिरीत डोकावून आलो, खोटं कशाला बोलू. दिवस मावळायला डावरा आर्णीच्या वाटेनं आला. पायांवर धूळ, दोन्ही हात मोकळे सोडलेले.

मी ओरडलो, "कुठं गेलते? सांगून जायाचं ना!"

"गेलतो," म्हणाला. एवढंच. आणि हातपाय धुवायला गेला.

मी अजून बोलणार होतो. धरमीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. घरात गेली, गुळाची भेली फोडली आणि साऱ्या तांड्यात घरोघर गूळ वाटून आली. लोक विचारत होते, कशाचा? ती सांगत होती, भावाचा.

कुठं गेला होता ते त्यानं कधी सांगितलं नाही, तिनं कधी विचारलं नाही. त्याच थंडीत खोकल्यानं तो गेला. माती द्यायला जिनची माणसं आली, मैदानावरचे लोक आले. जो तो त्याच्या विकेटी सांगत होता. धरमी ऐकून घ्यायची. या दिवाळीपर्यंत, कोणी डावऱ्याचं नाव काढलं की ती एकच गोष्ट सांगायची. क्रिकेटचं नाही, ढालीचं नाही. म्हणायची, "माया भाऊ एक दिवस मले न इचारता गेलता."